छोट्या सॅटेलाइटवरून ऑरोरा: पुण्यात एरंडवण्यातला रविवारचा वर्कशॉप, पोरांना घेऊन जाच

भाचीला घेऊन गेले होते. दहावीत आहे ती, आणि मे २०२४ मध्ये लडाखला हानलेवरनं दिसलेल्या लाल आकाशाचे फोटो बघितल्यापासनं घरात सारखं ऑरोरा ऑरोरा (एरवी ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड) चालू असतं. फी माणशी ६०० रुपये, चार तास.

पहिला पाऊण तास वाया गेला, स्पुटनिकपासनं सगळा इतिहास. मग सरांनी ग्लासात टॉनिक वॉटर ओतून ३६५ नॅनोमीटरचा (उजेडाच्या लहरींची लांबी मोजायचं एकक) अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला, पाणी निळंशार चमकलं, मधे काच धरली तरी चमकतच होतं, पण त्याच काचेला सनस्क्रीन फासून धरली आणि चमक गेली! वर ओझोन हेच करतो, साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचं अल्ट्राव्हायोलेट आपल्यापर्यंत येऊच देत नाही, ते बघायचं तर वरच जायला हवं. आणि वर जायला मोठं काही लागत नाही, मॉस्को युनिव्हर्सिटीनं २००५ मध्ये सोडलेला तात्याना सॅटेलाइट जेमतेम तीसेक किलोचा होता, त्यातली फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे अगदी मंद उजेडही टिपणारी नळी, पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूचा ३०० ते ४०० नॅनोमीटरमधला उजेड मोजायची.

मला सगळ्यात आवडलं ते आपल्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांच्या 'स्वयम्'वरनं सांगितलेलं. २०१६ मध्ये गेलेला जेमतेम किलोभराचा सॅटेलाइट, मोटर वगैरे काही नाही, आतल्या चुंबकामुळे पृथ्वीच्या चुंबकीय रेषेत आपोआप वळणारा. भाचीनं लगेच विचारलं, मग त्यावर कॅमेरा लावला तर? सर म्हणाले, एका ध्रुवावर तो खाली ऑरोराकडे बघेल आणि दुसऱ्या ध्रुवावर तोंड वर करून ताऱ्यांकडे. मी दोन दिवस त्याच विचारात होते.

शेवटी सॅटेलाइटनं पृथ्वीभोवतीच्या एका फेरीत मोजलेल्या उजेडाचा नमुना ग्राफ वाचायला दिला. तळाशी हवेची स्वतःची मंद चमक, म्हणजे दिवसा उन्हानं फुटलेला ऑक्सिजन रात्री परत जोडला जातो त्याची, चंद्र असला की अख्खी रेघच वर उचललेली, मधेच एखाद्या शहराचा उंचवटा, आणि ध्रुवाजवळ ऑरोराचा उभा सुळका. भाचीनं चारही बरोबर ओळखले पण ह्याला वेळ दिला फक्त वीस मिनिटं, हे मला अजिबात पटलं नाही.

आयोजकांना मनापासून सांगणं, इतिहास कापा, ग्राफला तास तरी द्या आणि हॉलला जाड काळे पडदे लावा, मागच्या रांगेतल्या मुलांना तो निळा रंग नीट दिसलाच नाही.