कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ जुन्या कॅसेट पेनड्राईव्हवर करून देणारं दुकान : माझा अनुभव

माझा मामा मर्चंट नेव्हीत होता, त्यानं शांघायहून आणलेल्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीत नाटकाच्या, दोन कॅसेट आमच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून होत्या. लहानपणी त्या लावल्या की आजी ओरडायची, बंद करा ते मांजर. मला मात्र ते सूर तेव्हापासून आवडायचे आणि पुढं गाणं शिकायला लागल्यावर तर वेडच लागलं. तर त्याच दोन कॅसेट घेऊन गेले. एकीचे ३०० रुपये, सहा दिवस लागले.

पहिली फाईल ऐकली आणि पोटात गोळाच आला. खरखर शून्य, पण जिंगहू गायब! जिंगहू म्हणजे बांबूचं, सापाच्या कातड्यानं मढवलेलं दोन तारांचं छोटं वाद्य, आपल्याकडं सारंगी जशी गळ्याच्या मागं मागं जाते तसं हे गाणाऱ्याला चिकटून असतं, आणि आवाज इतका टोकदार की त्याच्याशिवाय त्या गाण्याला धारच येत नाही. खरखर काढायच्या फिल्टरनं तीच धार खाल्ली होती. वर स्पीडपण कमी केलेला. दुकानातले काका म्हणाले, "ताई, बाईचा आवाज एवढा चढा कसा असंल, मला वाटलं टेप फास्ट पळतीया."

मग तिथंच स्टुलावर बसून सांगितलं, काका, ही बाई नाहीच, हे मेइ लानफांग, १८९४ चा जन्म, आपले बालगंधर्व जसे तसे तिकडचे हे. फरक एवढाच की बालगंधर्व आपल्या नेहमीच्या गळ्यातून गायचे, आणि तिकडं स्त्री भूमिका करणाऱ्याला दान म्हणतात, आणि तरुण स्त्रीची भूमिका करणारा दान फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या आवाजाच्या वर नेलेल्या पातळ, चढ्या आवाजात गातो. त्याला ते 'लहान गळा' म्हणतात. पुढं बायका स्टेजवर आल्या तरी त्यांनीही तोच गळा ठेवला. दाढीवाला लाओशंग, म्हणजे वयस्क पुरुषाची भूमिका करणारा, मात्र 'मोठ्या गळ्यानं', म्हणजे खऱ्या आवाजात. १७९० मध्ये चियानलुंग बादशहाच्या ८० व्या वाढदिवसाला आन्ह्वेइ प्रांतातल्या नाटक मंडळ्या बीजिंगला आल्या, त्यांची अरह्वांग आणि हूपेइकडची शीपी या चाली पुढं एकत्र झाल्या आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. २०१० ला युनेस्कोच्या यादीतपण गेलं. काकांनी चहा मागवला, गिऱ्हाईक थांबवून ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं, हे मला फार भावलं.

मग त्यांनीच विचारलं, बरोबर स्पीड ओळखायचा कसा? दुसऱ्या कॅसेटवर लाओशंग होता, तो लावला. हेडचा स्क्रू आणि मोटरचा स्पीड थोडा थोडा फिरवत गेले, आणि एका क्षणी तो माणूस एकदम माणसासारखा वाटायला लागला, छातीतून येणारा भरीव आवाज. तिथंच थांबलो, आणि त्याच सेटिंगवर पहिली कॅसेट फिल्टरशिवाय परत घेतली. जादाचा एक रुपया घेतला नाही.

आता पहिल्या कॅसेटच्या बी साईडबद्दल सांगायलाच पाहिजे. त्यावर छंग यानच्यू आहेत, तेही स्त्री भूमिका करणारे. पोरगेल्या वयात आवाज फुटल्यावर त्यांचा गळा जड, दबका झाला, दुसरा कुणी असता तर गाणं सोडलं असतं, यांनी त्याच दबक्या गळ्यातून स्वतःची वेगळी गायकी केली जी आजही छंग घराणं म्हणून शिकवली जाते. ओळीच्या शेवटी ते सूर बारीक, आणखी बारीक करत नेतात, सुईच्या टोकाएवढा, आणि तुटू देत नाहीत. आधीच्या फाईलीत ती शेपटीच कापली गेली होती. नवीन फाईलीत खरखरीच्या आत ती स्पष्ट ऐकू येते, मी रात्री हेडफोन लावून तेवढाच तुकडा सात-आठ वेळा ऐकला.

त्यामुळं तुम्ही गेलात तर आधीच सांगा, फिल्टर नको, साधी कॉपी द्या आणि एमपीथ्री नको, वेव्ह फाईल द्या. पेनड्राईव्ह आपला न्या. फाईलींना नावं देत नाहीत, ट्रॅक १ ट्रॅक २ असंच येतं, तेवढा एक स्टार कापते. आजीच्या नाट्यसंगीताच्या चार कॅसेट सोमवारी तिथंच देणार आहे.