जुनी पोलादी बोट: १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेली ११ मीटर लांबीची पोलादी शिडाची बोट घेऊन आम्हाला आता १४ महिने झाले असून त्यांपैकी नऊ महिने आम्ही दोघे तिच्यावरच राहिलो आहोत. बोटीवर आमचा जीव जडला आहे. मात्र घेताना मी ज्या गोष्टी तपासल्या, त्यांचा क्रम आज पूर्णपणे उलटा लावीन. तेव्हा मी आधी इंजिन, मग शिडे, मग उपकरणे आणि सर्वांत शेवटी तळाचा पत्रा पाहिला होता. इंजिन आणि शिडे बदलता येतात. म्हणून आज माझा पहिला प्रश्न एकच असेल: पत्र्याची आतली बाजू डोळ्यांनी किती दिसते आणि तिथे हात किती पोहोचतो?

पोलादी बोट बहुधा आतून गंजते. बाहेरच्या बाजूला वाळूचा मारा करून इपॉक्सी रंगाचे थर चढवता येतात आणि खरवड पडली तर ती लगेच दिसते. आत मात्र थंड पत्र्यावर हवेतील ओलावा जमतो, तो ओघळून तळाशी साचतो, आणि न्हाणीचे किंवा नांगराच्या साखळीबरोबर आलेले खारे पाणी त्यात मिसळते. आमच्या सर्व्हेअरने (खरेदीपूर्वी बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाने) बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासोनिक यंत्राने दोनशेहून अधिक ठिकाणी जाडी मोजली होती. बाजूचा पत्रा मूळचा ४ मिमी आणि तळाचा ५ मिमी, आणि आकडे जवळजवळ तेवढेच आले. मी निर्धास्त झालो. चौथ्या महिन्यात न्हाणीची फळी उचलली, तेव्हा आडव्या पट्टीतील पाणी वाहून जाण्याचे छिद्र फोमच्या तुकड्याने बुजलेले दिसले. मागे पाणी साचले होते आणि गंजाचे पापुद्रे हाताने निघत होते. तिथे पत्रा जेमतेम २ मिमी उरला होता. यात सर्व्हेअरची चूक मी मानत नाही, कारण ते यंत्र टेकवलेल्या बिंदूचीच जाडी सांगते, दोन बोटे पलीकडच्या खड्ड्याची नाही. कुठे मोजायचे हे आतून पाहूनच ठरवावे लागते. गंज मूळ पोलादापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे जाड पापुद्रा दिसला म्हणजे तेवढा पत्रा गेला असे नसते. पण छोट्या हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तिथे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अर्ध्या चौरस मीटरचा तुकडा कापून नवा बसवण्याचे वेल्डिंग दोन दिवसांत झाले. तयारीला मात्र तीन आठवडे लागले. उष्णतारोधक पॉलियुरेथेन फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून वेल्डिंगच्या जागेभोवतीचा सगळा फोम खरवडावा लागला, वायरी सोडाव्या लागल्या, आणि काम चालू असताना एक माणूस आत पाणी घेऊन बसला. आमचे कपाट स्क्रूने बसवलेले होते म्हणून ते सुटले; डिंकाने चिकटवलेले असते, तर तोडावेच लागले असते. दिसायला सुंदर पण न उघडणारी लाकडी सजावट पोलादी बोटीत मला आता धोक्याची वाटते. जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवलेला असेल, तर विशेष सावध राहावे, कारण दोन थरांमध्ये अडकलेला ओलावा पुढे कुणालाच दिसत नाही.

विजेकडेही मी पुरेसे लक्ष दिले नव्हते. बोटीचा पत्रा विजेच्या परतीच्या वाटेसाठी वापरलेला नसावा, दोन्ही तारा स्वतंत्र असाव्यात. धक्क्यावरची वीज घेताना मधे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर हवा. नाहीतर जमिनीच्या तारेतून आपली बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि पत्र्याऐवजी स्वतः झिजावे म्हणून तळाला लावलेले आपले जस्त त्यांच्यासाठी झिजत राहते. जस्ताचे ठोकळे कधीही रंगवू नयेत. महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात राहूनही ठोकळा नव्यासारखा दिसत असेल, तर ते सुलक्षण नव्हे. बहुधा त्याचा पत्र्याशी विद्युतसंपर्कच तुटलेला असतो. आमच्या सहापैकी दोन ठोकळ्यांची हीच अवस्था होती. तळाला तांबेयुक्त रंग लावलेला असेल, तर त्याखाली इपॉक्सीचा अखंड थर आहे ना, हेही पाहावे, कारण तांबे थेट पोलादाला लागले तर पोलाद गंजते.

चालवण्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर बोट जड आहे आणि मंद वाऱ्यात रेंगाळते, कारण ४ मिमी पत्र्याचे वजनच चौरस मीटरला सुमारे ३१ किलो भरते. पोलादामुळे होकायंत्राच्या दिशेत पडणारा फरक, म्हणजे विचलन, मोजून त्याचा तक्ता नव्याने करावा लागला. मात्र एका रात्री तरंगता ओंडका नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आदळला आणि सकाळी तिथे फक्त पोचा दिसला, तेव्हा पोलाद निवडल्याचे समाधान वाटले. फ्रेंच नाविक बर्नार मोआतेसिए यांची पोलादी शिडाची बोट 'जोशुआ' १९८२ च्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोत काबो सान लुकासच्या किनाऱ्यावर वादळाने फेकली जाऊनही पुन्हा उभी राहिली आणि आज ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाकडे आहे. पोलादावरचा माझा विश्वास अशाच उदाहरणांनी वाढला.

आता दर महिन्याला आम्ही सगळ्या फळ्या उचलतो, पाण्याची छिद्रे तारेने मोकळी करतो, खारे पाणी आले असल्यास तळ गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करतो आणि सुटलेला रंग दिसला की त्याच दिवशी खरवडून प्राइमर लावतो. या कामाला साधारण अर्धा दिवस लागतो. फक्त पाण्याच्या टाकीखालची हातभर जागा अजून आम्हाला दिसत नाही. येत्या हंगामात बोट बाहेर काढल्यावर तिथे झाकणासह खिडकी कापून घेणार आहोत.