पीडीएमएस की थर्मोप्लास्टिक? मायक्रोफ्लुइडिक चिपचं साहित्य निवडताना

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे अगदी बारीक चॅनेलमधून द्रव वाहवणारी छोटी पट्टी. ती कशाची करायची, हा प्रश्न बऱ्याच प्रयोगशाळांत विचारलाच जात नाही. पीडीएमएस (पारदर्शक सिलिकोन रबर) हाताशी असतं, म्हणून पीडीएमएस. खरं तर आधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: चॅनेलमधून काय वाहणार आहे आणि शेवटी किती चिप लागणार आहेत.

पीडीएमएस लोकप्रिय आहे ते उगाच नाही. नव्वदच्या दशकात हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सॉफ्ट लिथोग्राफी, म्हणजे साच्यावर मऊ रबर ओतून नक्षी उतरवण्याची पद्धत, रुळवली. बेस आणि क्युरिंग एजंट १०:१ मिसळायचे, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढायचे, एसयू-८ या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनच्या साच्यावर ओतून ६५ ते ८० अंशांवर तासा-दोन तासांत घट्ट करायचं, सोलून काढायचं आणि ऑक्सिजन प्लाझ्मा देऊन काचेला चिकटवायचं. साचा तयार असेल तर दिवसभरात चिप हातात. शिवाय ते रबरासारखं लवचिक, त्यामुळे हवेच्या दाबाने उघड-बंद होणारे व्हॉल्व्ह चिपमध्येच करता येतात. २००० साली स्टीफन क्वेक यांच्या गटाने ते दाखवलं. त्यातून ऑक्सिजन सहज आरपार जातो, हे पेशींच्या पथ्यावर पडतं.

पण औषधांच्या चाचण्या करणाऱ्यांनी सावध राहावं. पाण्यापासून दूर पळणारे लहान रेणू पीडीएमएसमध्ये मुरतात. तुम्ही सोडलेला डोस आणि पेशींपर्यंत पोहोचलेला डोस वेगळा निघतो, आणि आलेखात ते दिसतही नाही. वाफ निसटल्याने माध्यम दाट होतं, टोल्युइन किंवा हेक्झेनने चिप फुगते, प्लाझ्माने पाणी-प्रेमी केलेला पृष्ठभाग हळूहळू मूळ स्वभावावर येतो.

थर्मोप्लास्टिकमध्ये, म्हणजे तापवल्यावर मऊ पडणाऱ्या कडक प्लास्टिकमध्ये, ॲक्रिलिक (पीएमएमए) सर्वांत सोपं: स्वच्छ पारदर्शक आणि कार्बन डायऑक्साइड लेझरने कापता येणारं. मात्र लेझरने कापलेल्या कडेवर अल्कोहोल लागलं की तडे जातात. आधी ॲनीलिंग (तापवून हळूहळू थंड करणं) करून घ्यावं. ते सुमारे १०५ अंशांना मऊ पडतं, म्हणून पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेच्या) ९५ अंशांना फारसा वाव उरत नाही. तिथे पॉलिकार्बोनेट (सुमारे १४५ ते १५० अंश) बरं, पण ते स्वतःच चमकतं आणि फ्लुओरोसन्सचं (प्रकाश टाकल्यावर नमुन्यातून निघणाऱ्या चमकेचं) मोजमाप बिघडवतं. पॉलिस्टायरीन पेशी वाढवणाऱ्यांच्या ओळखीचं. जुन्या डिशमधल्या निकालांशी तुलना करायची असेल तर तेच.

माझं मत सीओसीला (सायक्लिक ओलेफिन कोपॉलिमर, हेही थर्मोप्लास्टिकच). पाणी जवळपास शोषत नाही, अतिनील किरण बऱ्यापैकी सोडतं, स्वतः फारसं चमकत नाही, ॲसिटोन आणि अल्कोहोलला दाद देत नाही. मात्र हेक्झेन, टोल्युइनपुढे ते टिकत नाही, आणि काही तेलांनी त्याला तडे जातात. चिपमध्ये तेलात पाण्याचे थेंब तयार करणाऱ्यांनी आपलं तेल आधी एका तुकड्यावर लावून पाहावं.

पद्धत संख्येवर ठरते. मोजक्या चिपसाठी मिलिंग (फिरत्या हत्याराने कोरणं) किंवा लेझर, शेकड्यांत हॉट एम्बॉसिंग (तापवलेल्या प्लास्टिकवर साचा दाबणं), हजारांत इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेलं प्लास्टिक धातूच्या साच्यात दाबाने भरणं). धातूच्या साच्याचा खर्च त्याआधी वसूल होणं अवघड. मिलिंगमध्ये हत्याराचे ओरखडे राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते त्रास देतात. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरने बारीक बंद चॅनेल करू नयेत, आतलं रेझिन बाहेर निघत नाही. त्यावर साचा छापून पीडीएमएस ओतायचं असेल तर आधी धुऊन, अतिनील प्रकाशात आणि उष्णतेत नीट पक्का करावा, नाहीतर साच्याला लागून असलेला थर चिकटच राहतो.

जोडणीकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, आणि गळती तिथूनच सुरू होते. थर्मोप्लास्टिक उष्णतेने जोडताना तापमान थोडं जास्त झालं की चॅनेल बसतात, थोडं कमी झालं की थर सुटतात. चिकटपट्टी झटपट काम करते, पण तिचा गोंद द्रवाला लागतो.

पीडीएमएसमध्ये जमलेली रचना कडक प्लास्टिकमध्ये जशीच्या तशी उतरत नाही. लवचिक व्हॉल्व्ह जातात, भिंतींतून निसटून जाणारे बुडबुडे आता अडकतात, आणि सरळ उभ्या भिंती धातूच्या साच्यातून सुटत नाहीत. त्यांना थोडा उतार द्यावा लागतो. म्हणून पुढे मोल्डिंग करायचं नक्की असेल, तर पहिलाच नमुना सीओसीच्या शीटवर मिल करून घ्यावा. संशोधनापुरत्या दहा-वीस चिप असतील आणि मुरणारे रेणू नसतील, तर पीडीएमएस सोडायचं कारण नाही.