सहा आठवड्यांचा ऑनलाइन स्टॅटिस्टिक्स कोर्स: 5 पैकी साडेतीन

कोर्स संपून महिना झाला, आत्ता लिहितोय कारण संपल्या संपल्या लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते. प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम टाकत नाहीये.

आधी चांगलं सांगतो. व्हिडिओ सात-आठ मिनिटांचे, शिकवणाऱ्या मॅडम एक नंबर, आणि रिवाइंड! वर्गात सरांना "परत सांगा" एकदा म्हणता येतं, दुसऱ्यांदा जीभ रेटत नाही, इथे स्टँडर्ड एररचा व्हिडिओ मी रात्री एक वाजता पाच वेळा पाहिला, कुणाला पत्ता नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन आधीच येत होतं, तो भाग दीडच्या स्पीडने उडवला.

घोळ झाला पी-व्हॅल्यूवर. क्विझमध्ये पैकीच्या पैकी, म्हणजे काय तर चार ऑप्शन, त्यातले दोन नुसते बघूनच बाद होतात, चुकलं तर परत द्यायची सोय. मी खुश. मग ओळखीच्या एका सरांच्या आठ जणांच्या बॅचला सहज जाऊन बसलो तर सरांनी मलाच धरलं, पी-व्हॅल्यू 0.03 आली म्हणजे काय, तुझ्या शब्दात सांग. मी ठोकून दिलं, नल हायपोथेसिस (म्हणजे "खरा फरक काहीच नाही" हे गृहीतक) खरं असण्याची शक्यता 3 टक्के. सरांनी खडू खाली ठेवला, म्हणाले उलटं बोलतोयस. नल खरं आहे असं धरून चाललो तर असा किंवा याहून टोकाचा रिझल्ट यायची शक्यता 3 टक्के, नल खरं असण्याची नाही. सहा आठवडे हे उलटं डोक्यात घेऊन फिरत होतो आणि वर सर्टिफिकेट पण आलं होतं!

शंका असती तर फोरमवर विचारली असती हो, पण शंका आहे हेच माहीत नव्हतं ना.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा एक प्रयोग आहे, काही विद्यार्थ्यांनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. 5 मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. माझं पाच वेळा व्हिडिओ बघणं म्हणजे तेच परत वाचणं झालं, त्या वेळी सगळं समजल्यासारखं वाटतं.

असाइनमेंट तपासायला तीन अनोळखी लोक, माझ्या ग्राफचे अक्ष उलटे होते तरी तिघांचं "गुड जॉब". लाइव्ह सेशनला सगळ्यांचे कॅमेरे बंद, समजलं का विचारलं की चॅटमध्ये "यस सर"ची रांग (त्यात मी पण होतो).

पण म्हणून वर्ग म्हणजे सोनं असंही नाही. कॉलेजात साठ जणांत मागच्या बाकावर बसून मी फक्त फळ्यावरचं वहीत उतरवलंय, तेव्हाही मला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या बॅचमध्ये आठच जण होते म्हणून सापडलो.

रिग्रेशनचा (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा) पुढचा कोर्स त्याच ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर घेतलाय. या वेळी एक मित्र सोबत आहे, दर रविवारी वही मिटून फोनवर एकमेकांना विचारायचं असं ठरलंय. पहिल्याच रविवारी दोघंही रेसिड्युअलवर (खरा आकडा आणि अंदाज यांतला फरक) अडकलो.