हॉकीची ट्रेड डेडलाइन समजून घ्यायची असेल तर पकपीडिया: सोलापुरातल्या एका फॅनचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू आइस हॉकी म्हणजे एनएचएल (अमेरिका-कॅनडाची लीग) बघणाऱ्यांसाठी आहे, सोलापुरात असे किती आहेत माहीत नाही पण आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे आणि इतर गावातले पण मराठी लोक असतीलच की. आमचं टेरी टॉवेलचं काम आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, गिऱ्हाईक कॅनडा-अमेरिकेचं, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत फोन-ईमेल चालूच, आणि त्यांच्याशी बोलता बोलता ह्या खेळाचा नाद लागला. मॅच तर कोणीही बघेल, पण मला खरी मजा मार्चमधल्या ट्रेड डेडलाइनला, म्हणजे टीमना आपसात खेळाडूंची अदलाबदल करायच्या शेवटच्या दिवशी येते आणि ती डेडलाइन नीट कळायला पकपीडिया ही वेबसाइट लागतेच, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचपैकी साडेचार स्टार.

काय आहे ही साइट? एनएचएलच्या ३२ टीमच्या प्रत्येक खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट, पगार किती, किती वर्षं, त्याला बदली नाकारायचा हक्क आहे की नाही, टीमकडे पैशाची जागा किती उरली, ड्राफ्टचे पिक (नवीन पोरं निवडायचे नंबर) कोणाकडे, सगळं एका ठिकाणी. मी फुकटच वापरतो. ह्याच्या आधी कॅपगीक होतं ते २०१५ ला बंद झालं, मग कॅपफ्रेंडली आलं आणि २०२४ ला वॉशिंग्टन कॅपिटल्सने ती अख्खी साइटच विकत घेतली आणि लोकांसाठी बंद करून टाकली. विचार करा, एका प्रोफेशनल टीमला वाटलं की हा डेटा आणि तो बनवणारी माणसं आपल्याच ऑफिसात पाहिजेत! त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे पकपीडियावर आलो आणि आता तिथंच आहोत.

आता मुद्द्याचं. डेडलाइन असते त्यांच्या दुपारी ३ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री दीडला. नवीन माणसाला वाटतं की त्या दिवशी ज्याच्याकडे पैसा तो मोठा खेळाडू उचलतो. तसं नाहीये. एनएचएलला सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, कडक आहे, २०२४-२५ ला ८८ मिलियन डॉलर होती, २०२५-२६ ला ९५.५ झाली, मालक कितीही श्रीमंत असू दे त्याच्या वर जाता येत नाही. मग मार्चमध्ये जागा येते कुठून? तर कॅपचा हिशोब रोजच्या रोज होतो. आपल्याकडे लूमवर माणूस हजेरीवर असतो ना, २५ तारखेला आला तर त्याला पाच-सहा दिवसांचाच पगार, तसंच हे. हिशोबाला सोपं म्हणून समजा सीझन १९० दिवसांचा आहे आणि डेडलाइनला ३८ दिवस उरलेत. ऑक्टोबरपासून ज्या टीमने १ मिलियनची जागा रिकामी ठेवली ती मार्चमध्ये वर्षाला ५ मिलियनवाला खेळाडू घेऊ शकते, कारण त्याचे ३८ दिवसच तिच्या खात्यावर पडतात. म्हणजे डेडलाइनची तयारी ऑक्टोबरपासून चालू असते आणि जो मॅनेजर तेव्हाच कडेपर्यंत भरून बसला त्याच्या हातात मार्चमध्ये काहीच नसतं.

पकपीडियावर टीमचं पान उघडलं की आत्ता जागा किती, रोस्टरवर किती माणसं, पन्नास कॉन्ट्रॅक्टची लिमिट असते त्यातली किती वापरली, हे वरच दिसतं. मी डिसेंबरपासून अधूनमधून ही पानं चाळत असतो आणि कोण जागा साठवतंय ते आकड्यातून लक्षात येतं. त्या टीम मार्चमध्ये काय करणार ह्याचा अंदाज बराच आधी यायला लागतो. हे सुख दुसऱ्या कुठल्या साइटने मला दिलं नाही.

दुसरा रस्ता जखमी खेळाडूचा, एलटीआयआर म्हणतात त्याला. लांबच्या दुखापतीवर खेळाडूला त्या यादीत टाकलं की २०२४-२५ पर्यंत त्याच्या पगाराएवढं कॅपच्या वर जाता यायचं, पण मग वर सांगितलेली रोजची बचत साठत नाही, म्हणजे दोन्हीकडून खाता येत नाही. २०२५ ची फ्लोरिडा पँथर्स बघा. मॅथ्यू कचक फेब्रुवारीत ४ नेशन्स स्पर्धेत दुखावला, त्याचे ९.५ मिलियन असे बाजूला निघाले. १ मार्चला शिकागोकडून सेथ जोन्स घेतला, त्याचा पण पगार ९.५ च, पण शिकागोने त्यातले २.५ स्वतःकडे ठेवले आणि बदल्यात ४.५ मिलियनवाला गोली (गोलकीपर) स्पेन्सर नाईट शिकागोला गेला, वर एक पहिल्या फेरीचा पिक. मग ७ मार्चला, डेडलाइनच्या दिवशीच, बॉस्टनचा कॅप्टन ब्रॅड मार्शांड! ६.१२५ मिलियनचा माणूस, बॉस्टनने निम्मा पगार स्वतःवर घेतला, फ्लोरिडाला पडला तीनच्या थोडा वर.

त्या रात्री मी फ्लोरिडाचं पान उघडून बसलेलो आणि बातमी आल्यावर पहिल्यांदा काय केलं तर आकडे जुळवले, नऊ पॉइंट पाच सुटले, साडेचार बाहेर गेले, सात आले, तीन आले. जुळलं! ज्याला हिशोबाची आवड आहे त्यालाच कळेल ह्यातला आनंद. आणि किंमत काय दिली तर दुसऱ्या फेरीचा एक पिक, त्याला अट की फ्लोरिडा प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद सामन्यांच्या) दोन फेऱ्या जिंकली आणि मार्शांड निम्म्या तरी मॅच खेळला तर तो पहिल्या फेरीचा होईल. म्हणजे माल चालला तरच पूर्ण पैसे. फ्लोरिडा स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, जिंकली, मार्शांडने एडमंटनविरुद्धच्या फायनलमध्येच ६ गोल केले, बॉस्टनला पहिल्या फेरीचा पिक मिळाला आणि फ्लोरिडात कोणालाच त्याचं वाईट वाटलं नसणार.

पगार स्वतःकडे ठेवायच्या ह्या प्रकाराला रिटेन्शन म्हणतात आणि साइटवर हा भाग फार नीट मांडलाय. नियम असा की एका कॉन्ट्रॅक्टवर जास्तीत जास्त निम्मा पगार ठेवता येतो आणि एका टीमला एका वेळी असे तीनच कॉन्ट्रॅक्ट. कोणत्या टीमने तीनपैकी किती वापरले ते दिसतं, त्यामुळे विकायला बसलेली टीम अजून किती सौदे असे करू शकते ते आपल्याला आधीच कळतं. मध्ये तिसरी टीम घालायची पण पद्धत होती, २०२३ ला रायन ओ'रायली सेंट लुईसहून टोरोंटोला गेला तेव्हा ७.५ मिलियनचे सेंट लुईसने निम्मे केले, मग मिनेसोटाने मध्ये पडून उरलेल्याचे पण निम्मे केले आणि टोरोंटोला तो पावणेदोनच्या थोडा वर, १.८७५ ला पडला. मिनेसोटाला ह्या कामाचा चौथ्या फेरीचा एक पिक मिळाला, फक्त कॅपची जागा भाड्याने द्यायचा! आता नवीन नियमात दोन रिटेन्शनच्या मध्ये सीझनचे ७५ दिवस जावे लागतात, म्हणजे डेडलाइनच्या दिवशी हे दुहेरी काम बंद झाल्यात जमा. आणि २०२५-२६ पासून प्लेऑफमध्ये पण मैदानात उतरणाऱ्या टीमला कॅप लागू झाली. आधी नव्हती, म्हणून तर कचक प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला परत आला तरी चाललं, आणि २०२१ ला टॅम्पाचा कुचेरोव्ह अख्खा सीझन बाहेर बसून प्लेऑफला उतरला. मला हा बदल पटला. ज्यांनी खरोखर जागा साठवली त्यांच्यावर अन्याय होत होता.

आता माझं सगळ्यात आवडतं, पुढच्या वर्षांचे कॉलम. प्रत्येक खेळाडूपुढे पुढची वर्षं ओळीने दिलेली असतात आणि कॉन्ट्रॅक्ट कुठं संपतं ते लगेच दिसतं. डेडलाइनला टीव्हीवर सगळी चर्चा मोठ्या नावांची चालते, पण मी आधी हाच कॉलम बघतो. ज्याचा पुढचा रकाना रिकामा तो रेंटल, तीन-चार महिन्यांचा पाहुणा. ओ'रायली तसाच, टोरोंटोने पहिल्या फेरीचा पिक आणि वर बरंच काही दिलं, २००४ नंतर पहिल्यांदा एक फेरी जिंकली, दुसऱ्यात हरले आणि तो जुलैमध्ये नॅशव्हिलला निघून गेला. उलट टॅम्पाने २०२० ला काय केलं बघा. ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो, दोघंही तिसऱ्या लाइनचे, म्हणजे स्टार नसलेले, घाम गाळणारे खेळाडू, आणि प्रत्येकासाठी पहिल्या फेरीचा पिक मोजला. बरेच लोक म्हणाले महाग पडलं. पण कोलमनचा पगार १.८ मिलियन, गुड्रोचा तर एक मिलियनपेक्षा पण कमी, आणि दोघांचं अजून एक वर्ष बाकी होतं. टॅम्पा २०२० ला जिंकली आणि २०२१ ला पण जिंकली, दोघंही दोन्ही वेळा टीममध्ये. दोन कप, दोन स्वस्त माणसं! २०२२ ला कोलोराडोने माँट्रियलकडून आर्तुरी लेहकोनेन घेतला, हा पण रेंटल नव्हता, त्याचे हक्क टीमकडेच राहणार होते, आणि कप जिंकून देणारा गोल त्यानेच मारला.

म्हणून माझं मत असं की डेडलाइनला घ्यायचा तर पुढचा रकाना भरलेला आणि पगाराने हलका खेळाडू घ्या, पिक जास्त गेला तरी चालेल. मार्शांड रेंटल म्हणूनच आला हे खरं, पण तिथं किंमतच अटीवर बांधलेली होती. आणि मिक्को रांतानेन ह्या स्टार खेळाडूचं प्रकरण मला अजून शिकवून गेलं. २०२५ च्या जानेवारीत कॅरोलायनाने त्याला कोलोराडोकडून घेतला, तो नवीन कॉन्ट्रॅक्ट करेना, तर हट्ट न धरता डेडलाइनच्या दिवशी डॅलसला देऊन टाकला आणि बदल्यात स्टँकोव्हनसारखा पोरगा, दोन पहिल्या फेरीचे आणि दोन तिसऱ्या फेरीचे पिक घेतले. डॅलसने आधी ८ वर्षांचं, वर्षाला १२ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट ठरवलं आणि मगच एवढी किंमत दिली. रकाना आठ वर्षं भरला! मग पहिल्याच फेरीत सातव्या मॅचला रांतानेनने आपल्या जुन्या कोलोराडोविरुद्ध तिसऱ्या पिरियडमध्ये हॅटट्रिक केली. विकणारा पण बरोबर आणि घेणारा पण बरोबर, असे सौदे कमी होतात.

साइटवर ट्रेड करून बघायची पण सोय आहे, पकजीएम म्हणून. आम्ही जुळे सोलापुरात एका मित्राच्या गच्चीवर बसून ह्यावर आमची आमची डेडलाइन खेळतो, एकेकाने एकेक टीम घ्यायची, चहा आणि शेंगाचटणी-भाकरी मध्ये, आणि रात्री दीडपर्यंत घासाघीस. एक भाऊ कायम विकणारी टीम घेतो आणि म्हणतो, "निम्मा पगार ठेवतो पण पिक पहिल्या फेरीचाच पाहिजे." मग दुसरा लगेच त्याच्या टीमचं पान उघडून दाखवतो, "अरे तुझे तीनपैकी दोन गेलेत, तिसरा ह्याच्यावर घालवणार का, अजून गोली विकायचाय ना तुला?" असं बोलणं सोलापुरात ऐकायला मिळतं ते ह्या साइटमुळे, माझ्यासाठी एवढं पुष्कळ आहे.

अर्धा स्टार का कापला? साइट किंमत सांगते, खेळाडू कसा आहे ते सांगत नाही आणि ते तिचं कामपण नाही, पण नवीन माणूस फक्त आकडे बघून ट्रेड ठरवायला लागतो. फिलिप फोर्सबर्गला वॉशिंग्टनने २०१३ च्या डेडलाइनला मार्टिन एराटसाठी नॅशव्हिलला देऊन टाकलं, तो पुढे नॅशव्हिलचा सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू झाला. तसंच उलटं पण, १९८० ला आयलँडर्सने डेडलाइनला बुच गोरिंग आणला आणि लागोपाठ चार कप जिंकले, त्याच्यामुळे मधली लाइन कशी सुधारली हे कुठल्या कॉलममध्ये मावणार? त्यासाठी मॅच बघाव्या लागतात, पहाटे उठून.

आणि सगळं इंग्रजीत आहे, शॉर्टफॉर्म भरपूर, पहिले काही दिवस गोंधळायला होतं. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी लगेच आपल्या आवडत्या टीमचं पान नका उघडू. आधी पॉइंट टेबलमध्ये खाली असलेल्या, विकणाऱ्या एखाद्या टीमचं उघडा, ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट ह्या उन्हाळ्यात संपतंय ते खेळाडू वेगळे काढा, त्यांच्यापुढे बदली नाकारायची अट आहे का बघा, रिटेन्शनचे किती शिल्लक आहेत ते बघा, आणि मग वर असलेल्या दोन-तीन टीमची रिकामी जागा काढून कोण कोणाला परवडतो ते कागदावर लिहा. जानेवारीत गड्डा यात्रा उरकली की हे काम सुरू करा, मार्चपर्यंत यादी तयार होते. कोणाला आमच्या गच्चीवरच्या डेडलाइनला टीम घ्यायची असेल तर खाली कमेंट करा, विकणारी टीम चालवायला माणूस कमी पडतोय.