घटस्फोटासाठी वकील शोधताना : कोल्हापुरातील अकरा महिन्यांचा अनुभव

मी राजारामपुरीत राहते, एका खासगी शाळेत शिकवते आणि गेली तीन वर्षे मुलीला घेऊन माहेरी आहे. वकील शोधायला सुरुवात केल्यापासून हुकूमनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशाची, नक्कल हातात पडेपर्यंत मला अकरा महिने लागले आणि त्यांतील पहिले तीन महिने पूर्णपणे वाया गेले. ज्या प्रश्नांनी माझी झोप उडाली होती त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे कायद्यात सरळ लिहिलेली आहेत. ती समजावून सांगणारे माणूस मिळायलाच वेळ लागला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनुसार मनाई आहे. त्यामुळे आपल्याकडे वकील निवडला जातो तो ओळखीवर. माझे पहिले वकील मामांच्या ओळखीचे होते. त्यांनी पहिल्याच भेटीत पंधरा दिवसांत मोकळे करून देण्याची हमी दिली, पंचवीस हजार रुपये पावतीविना घेतले, वकीलपत्रावर सही घेतली आणि आमचा संसार पुण्यात झाल्यामुळे अर्ज पुण्यातच करावा लागेल, असे सांगितले. पुढे तीन महिने 'काम चालू आहे' हेच उत्तर मिळत राहिले. शाळेतील एका सहकारी बाईंनी सांगितले की दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरा-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की तारखा दिसतात. मी क्रमांक मागितला तेव्हा अर्ज दाखलच झालेला नव्हता. कागद परत मागितले, तर उरलेली फी भरल्याशिवाय ते मिळणार नाहीत, असे मला ऐकवण्यात आले.

त्या दिवशी मी कसबा बावड्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. मी खरे तर तिथेच सर्वांत आधी जायला हवे होते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, हे नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला ठाऊकच नव्हते. (15100 या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.) फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केले आहे, ही माहिती मला तिथेच मिळाली. तेवढे बोलून दाखवताच दोन दिवसांत माझी फाईल परत आली.

नंतरच्या वकीलबाई मला त्याच सहकारी बाईंमुळे मिळाल्या. पहिल्या भेटीला मी सतरा प्रश्न लिहिलेली वही नेली होती. वकीलबाईंनी ती वाचली, पेन्सिलीने नऊ प्रश्नांवर खूण केली आणि म्हणाल्या, "ताई, एवढ्यांची उत्तरे आज देते. बाकीची समोरच्या बाजूचे म्हणणे आल्याशिवाय देणे बरोबर होणार नाही." त्या उत्तरानेच माझा विश्वास बसला. टप्प्याटप्प्याने द्यायची फी त्यांनी लेटरहेडवर लिहून दिली आणि प्रत्येक रकमेची पावती दिली.

पुण्याला जाण्याची गरजच नव्हती. हिंदू विवाह कायद्यात 2003 साली झालेल्या दुरुस्तीमुळे पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते. शिवाय आमचे लग्नच कोल्हापुरात झाले होते. आमचा घटस्फोट परस्पर संमतीचा होता. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, मात्र हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निर्णय आहे. आम्ही दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे होतो, समुपदेशनातून काही निष्पन्न झाले नव्हते आणि पैशांचा व मुलीचा प्रश्न मिटला होता, म्हणून तसा अर्ज करता आला. नवऱ्याचा पगार मला माहीत नव्हता, ही माझी मोठी धास्ती होती. पोटगीचा वाद न्यायालयात गेलाच, तर 2020 च्या निर्णयानुसार दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, हे कळल्यावर ती कमी झाली. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते, हेही वकीलबाईंनी लपवले नाही. त्यासाठीच ठरलेल्या रकमेचा अर्धा डिमांड ड्राफ्ट पहिल्या तारखेला आणि अर्धा शेवटच्या तारखेला, अशी अट घातली गेली.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्यांनी विचारलेले प्रश्न. आधीच्या वकिलांच्या मसुद्यात मुलीबद्दल एकच ओळ होती : 'ताबा आईकडे राहील.' वकीलबाईंनी विचारले की दहावीनंतरची फी कोण भरणार, पासपोर्टच्या अर्जावर सही कोणाची, दिवाळीची सुट्टी कशी वाटून घेणार, वडील भेटायला आले तर भेट कुठे होणार. मी रागाच्या भरात पोटगी नको म्हणत होते, तेव्हा त्यांनी मला थांबवून सांगितले की स्वतःच्या पोटगीबद्दल मी काय ठरवायचे ते ठरवावे, परंतु मुलीचा हक्क सोडून देण्याचा अधिकार मला नाही. स्त्रीधनाच्या यादीसाठी त्यांनी लग्नाचा अल्बम मागवला. माझ्या कोल्हापुरी साजाची पावती हरवली होती. आम्ही तिघी टेबलावर अल्बम उघडून बसलो, आईने साज, ठुशी आणि पाटल्या एकेका फोटोत बोट ठेवून दाखवल्या आणि दुसऱ्या दिवशी गुजरीतील सराफांनी जुन्या पावतीपुस्तकातून साजाचे वजन शोधून दिले. तो साज मला परत मिळाला.

तक्रारीही आहेत. न्यायालयाच्या वेळेत त्यांचा फोन लागत नाही आणि दोनदा तारखेचा निरोप आदल्या रात्री साडेनऊला आला, त्यामुळे शाळेतून रजा काढताना माझी ओढाताण झाली. एका मसुद्यात मुलीच्या जन्मतारखेचा महिना चुकला होता. मी ओळ न ओळ वाचली नसती तर तो तसाच दाखल झाला असता. सही करण्यापूर्वी मसुदा घरी आणून सावकाश वाचण्याची सवलत त्यांनी दिली होती, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

समुपदेशकांसमोरच्या दोन बैठका मला वाटल्या होत्या तितक्या कठीण गेल्या नाहीत. महाराष्ट्रात घटस्फोट व पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे, त्यामुळे वकिलाने त्या नावाखाली रक्कम मागितली तर हिशेब जरूर विचारावा.

हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला मी एकदम तीन मागितल्या. एक बँकेत लागली, एक पासपोर्टसाठी ठेवली आहे आणि तिसरी त्या सतरा प्रश्नांच्या वहीबरोबर कपाटात आहे. ती वही मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी वाचायला नेली.