ट्रकला आणखी एक आरसा, कॅमेरा की मोठी काच?

शहरात फिरणारे ट्रक घ्यायचे असोत की जुने सुधारायचे असोत, विक्रेता फिरून फिरून चारच गोष्टी पुढे करतो: जादा आरसे, कॅमेरे आणि सेन्सर, चाकांमधली मोकळी जागा झाकणारं बाजूचं कुंपण, आणि जास्त काचेची खाली बसवलेली केबिन. चारही माहितीपत्रकांवर एकच ओळ छापलेली असते, ‘पादचारी आणि सायकलस्वारांची सुरक्षा’. प्रत्यक्षात कुंपण हे धडक झाल्यावर जीव वाचवायचं साधन आहे आणि बाकी तीन धडक टाळण्याची. त्या तिघांतही जो फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो माहितीपत्रकात कुठेच सापडत नाही: वळण घेतानाच्या दोन-तीन सेकंदांत ते साधन ड्रायव्हरकडे किती लक्ष मागतं?

आधी हे अपघात होतात कसे ते पाहू. सिग्नलला ट्रक उभा आहे, फुटपाथच्या बाजूने एक सायकल पुढे येऊन केबिनच्या कोपऱ्यापाशी थांबते. सिग्नल सुटतो, ट्रक त्याच बाजूला वळतो आणि मागची चाकं आतून कापतात. वेग असतो माणूस पळेल इतकाच. दुसरा प्रकार याहून साधा: उभ्या ट्रकच्या अगदी नाकासमोरून कुणी रस्ता ओलांडत असतं आणि ट्रक सुटतो. उंच चेसिसच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास असतात, त्यामुळे बंपरला चिकटून चाललेला माणूस काचेच्या खालच्या कडेखाली जातो.

हे वाचून पटत नाही, बसून पाहावं लागतं. मी एका डंपरच्या सीटवर बसलो आणि सहकाऱ्याला बंपरला हात लावून गाडीभोवती एक फेरी मारायला सांगितलं. समोरून जाताना त्याच्या टोपीचा शेंडा तेवढा दिसत होता. फुटपाथकडच्या कोपऱ्यावर तोही आरशाच्या जाड खोक्यामागे गेला. म्हणजे जो आरसा माणूस दाखवण्यासाठी बसवला होता, त्यानेच माणूस लपवला.

आरसे स्वस्त आहेत, वीज मागत नाहीत, बिघडले तर लगेच कळतं. युरोपीय संघाने २००७ च्या निर्देशाने २००० पासून नोंदवलेल्या जुन्या ट्रकनाही ब्लाइंड स्पॉट (ड्रायव्हरला न दिसणारी जागा) कमी करणारे आरसे बसवायला लावले. मुदत मार्च २००९ अखेरची होती. त्याने फायदा झालाच. पण आज एकेका केबिनला सहा-सहा आरसे असतात. सहाही बघून होईपर्यंत पहिल्यातलं चित्र बदललेलं असतं. शिवाय आरसा फुगीर, त्यात माणूस बोटाएवढा, आणि कोन लावलेला आदल्या पाळीच्या ड्रायव्हरच्या उंचीला. २०१६ मध्ये लंडनच्या परिवहन यंत्रणेसाठी अरुप ही अभियांत्रिकी सल्लागार कंपनी आणि लीड्स विद्यापीठ यांनी केलेल्या अभ्यासात, थेट काचेतून दिसलेल्या माणसाला ड्रायव्हरने आरशातून दिसलेल्यापेक्षा सरासरी ०.७ सेकंद लवकर प्रतिसाद दिला. ताशी २४ किलोमीटर वेगाला तेवढ्यात ट्रक ४.७ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून सातवा आरसा घेऊ नका. आहेत ते ड्रायव्हर बदलला की नव्याने लावले जातात का, हे बघा.

कॅमेरे आणि सेन्सर हा एक गट म्हणून विकला जातो, पण त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नुसता कॅमेरा म्हणजे सातवा आरसाच, फक्त पडद्यावर दिसणारा. लेन्सवर चिखल उडाला की तोही नाही. जुने अल्ट्रासॉनिक सेन्सर खांब, कठडा, उभी गाडी, सगळ्यालाच वाजतात. दिवसभरात शंभरदा ‘लांडगा आला रे आला’ झालं की खऱ्या लांडग्याच्या वेळी ड्रायव्हरचं डोकं वर होत नाही, हे त्याच्या निष्काळजीपणामुळे नव्हे तर यंत्राच्या बडबडीमुळे. घ्यायचंच तर माणूस-सायकल ओळखणारं आणि खांबाला गप्प बसणारं यंत्र घ्या. युरोपीय संघात नवा ट्रक घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बाजूची सायकल आणि सुटतानाचा समोरचा माणूस ओळखून सावध करणाऱ्या प्रणाली तिथे जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या ट्रकला बंधनकारक आहेत. त्या ‘जादा पॅकेज’ म्हणून विकू पाहणाऱ्याला हा नियम दाखवा.

सेन्सरच ब्रेक लावत असेल, तर गोष्ट वेगळी. मर्सिडीजच्या ट्रकमध्ये २०२१ पासून अशी सोय मिळते: ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने वळताना बाजूला माणूस किंवा सायकल असेल आणि ड्रायव्हर थांबला नाही, तर गाडी स्वतःच थांबते. इथे शेवटच्या क्षणी ड्रायव्हरच्या लक्षावर काही अवलंबून राहत नाही.

बाजूच्या कुंपणाबद्दल कुणी उत्साहाने बोलत नाही, कारण त्याला पडदा नाही, बटण नाही. मला मात्र जुन्या ताफ्यासाठी सगळ्यात भरवशाचं तेच वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या ७३ क्रमांकाच्या नियमानुसार त्याची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरच्या वर नको आणि आडव्या पट्ट्यांमधली फट ३०० मिलिमीटरपेक्षा मोठी नको. ब्रिटनमध्ये हे सक्तीचं झाल्यावर ट्रकच्या बाजूला धडकण्याच्या अपघातांत सायकलस्वारांचे मृत्यू ६१ टक्क्यांनी आणि पादचाऱ्यांचे २० टक्क्यांनी घटल्याचा आकडा अमेरिकेचं व्होल्पी हे सरकारी परिवहन संशोधन केंद्र देतं. गंमत म्हणजे डंपर आणि काँक्रीट मिक्सर यांसारख्या बांधकामाच्या गाड्यांना तिथे बराच काळ सूट होती, शहरात ज्यांची भीती सर्वाधिक त्यांनाच! लंडनने १ सप्टेंबर २०१५ पासून आपल्या रस्त्यांवर ती सूट मोडीत काढली. घेताना पट्ट्यांऐवजी सपाट पत्रा घ्या, हँडल किंवा हात अडकत नाही. मर्यादाही आहे. पुढच्या चाकासमोर आलेल्या माणसाला कुंपणाचा काही उपयोग नाही.

राहिली केबिन. खाली बसवलेली, मोठ्या काचांची, दारातही काच असलेली केबिन आली ती कचरागाड्यांमधून, कारण कचरा उचलणारी माणसं दिवसभर चढउतार करतात आणि गुडघे वाचवायचे होते. मर्सिडीज इकॉनिक किंवा डेनिस ईगल या त्या जातीच्या. तिच्यात सायकलस्वाराशी नजरानजर होते, आणि सायकलस्वारालाही कळतं की आपण दिसलो. लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकला, ड्रायव्हरला काचेतून थेट किती दिसतं त्यावरून, शून्य ते पाच तारे मिळतात. शहरात ट्रक चालवायला या ताऱ्यांवर आधारलेल्या परवान्याची सक्ती मार्च २०२१ मध्ये सुरू झाली. २८ ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे लागतात, नाहीतर सेन्सर-कॅमेऱ्यांचा ठरवून दिलेला संच. तारे मॉडेलच्या नावाला नसतात. तीच केबिन उंच चेसिसवर चढवली की तारे उतरतात. त्यामुळे तुमच्या नेमक्या गाडीचे तारे निर्मात्याकडून लेखी घ्या. दारातल्या काचेचं एक सांगून ठेवतो: बहुतेक ठिकाणी तिच्यामागे पिशवी आणि जॅकेट कोंबलेलं असतं.

तोटे खरे आहेत. किंमत जास्त, जमिनीपासूनची मोकळी उंची कमी, झोपायची जागा बहुधा नाही. रोज खाणीत उतरणाऱ्या गाडीला ही केबिन लादू नका. पण ‘आमच्या गाड्या चिखलात जातात’ असं कुणी म्हटलं, तर रोज किती मीटर चिखल आणि किती किलोमीटर डांबर हे विचारा.

माझा क्रम असा. शहरातल्या डांबरी कामासाठी नवा ट्रक: आधी केबिन, मग ब्रेक लावणारा सेन्सर. जुना ताफा: आधी सपाट पत्रा, मग माणूस ओळखणारा एक सेन्सर, आणि आरसे नुसते नीट लावणं. खाणीतली उंच गाडी: दारात काच, ब्रेक लावणारा सेन्सर आणि पत्रा, तिन्ही. आणि दोन ट्रकांत अडलात तर दोन्ही यार्डात मागवा आणि बंपरला हात लावून मारायची ती फेरी दोन्हींभोवती मारून बघा. फक्त सीटवर विक्रेत्याला नाही, तुमच्याकडच्या सगळ्यात बुटक्या ड्रायव्हरला बसवा.